आईच्या रक्तातील आकडे आणि सुजलेले मनगट

वाचकाचे पत्र

डॉक्टर, सादर नमस्कार. माझ्या आईचे वय ५४ वर्षे असून चार वर्षांपूर्वी तिला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हा सांधे सुजवणारा आजार असल्याचे निदान झाले. त्या वेळी अँटी-सीसीपी ही तपासणी पॉझिटिव्ह आली होती. आठवड्यातून एकदा १५ मिलिग्रॅम मेथोट्रेक्सेट, सोबत फॉलिक ॲसिड आणि रोज हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन अशी औषधे ती घेते. गेल्या महिन्यात आम्ही मेडिकल कॉलेजच्या बाह्यरुग्ण विभागात गेलो असता तिला एका संशोधनात सहभागी व्हाल का, असे विचारण्यात आले. संमतिपत्रकात 'दाहाचे आणि पेशीमृत्यूचे निर्देशक तपासण्यासाठी ५ मिलिलिटर रक्त' असे लिहिले होते. ते वाचून आई घाबरली आहे. आपल्या पेशी मरत आहेत म्हणजे कॅन्सरची शंका आहे का, असे ती सारखे विचारते. तिच्या ताज्या रिपोर्टमध्ये सीआरपी ४ (सामान्य मर्यादा ६ पर्यंत), ईएसआर ४८, हिमोग्लोबिन ९.४ आणि आरए फॅक्टर ८६ वरून १२० झालेला आहे. उजव्या मनगटाला थोडी सूज असते आणि सकाळी तासभर हात आखडलेले असतात. सीआरपी सामान्य आला आहे तर मेथोट्रेक्सेट ही कॅन्सरची गोळी आता बंद करा, असे मामांचे म्हणणे आहे. पेशीमृत्यूची तपासणी आम्ही खासगी लॅबमध्ये करून घ्यावी का? संशोधनासाठी रक्त द्यावे का? आणि आरए फॅक्टर वाढला म्हणजे आजार वाढला का?
एक वाचक, सातारा

उत्तर

सप्रेम नमस्कार.

सर्वांत आधी तुमच्या आईंची भीती. या तपासणीचा कॅन्सरच्या शंकेशी संबंध नाही. अशा संशोधनात ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या अनेक रुग्णांकडून आणि तुलनेसाठी निरोगी व्यक्तींकडूनही रक्त घेतले जाते. तुमच्या आईंना विचारले गेले ते त्यांना हा आजार आहे म्हणून. त्यांच्या बाबतीत काही वेगळे, गंभीर दिसले म्हणून नव्हे. हे त्यांना आजच सांगा, कारण अशा धास्तीत झोप जाते, आणि झोप गेली की सांध्यांचे दुखणेही अधिक जाणवते.

पेशींचा मृत्यू ही निरोगी शरीरातही दर क्षणी चाललेली गोष्ट आहे. आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात आणि तितक्याच नव्या तयार होतात. त्यांपैकी बहुसंख्य पेशी ठरलेल्या पद्धतीने, स्वतःला आतून आवरून घेत मरतात. या मृत्यूला अपॉप्टोसिस म्हणतात. १९७२ साली केर, वायली आणि करी या तीन संशोधकांनी हे नाव रूढ केले. अशी पेशी फुटत नाही. ती आकसते, तिचे लहान लहान तुकडे होतात आणि शेजारच्या भक्षक पेशी ते तुकडे गिळून टाकतात, त्यामुळे आजूबाजूला दाह, म्हणजे सूज आणि वेदना, निर्माण होत नाही. याउलट एखादी पेशी फुटून मेली, तर तिच्या आतील प्रथिने, विकरे (एन्झाइम) आणि डीएनए बाहेर सांडतात, आणि शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा त्याला धोक्याची सूचना समजून त्या जागी अधिक पेशी पाठवते. संशोधकांना जे मोजायचे आहे ते या दोन प्रकारच्या मृत्यूंच्या खुणांचे प्रमाण.

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये हा प्रश्न विशेष महत्त्वाचा का ठरतो, हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण आजाराचे सारे मर्म तिथे आहे. सांध्याच्या आतील बाजूस एक पातळ अस्तर असते. निरोगी माणसात ते एकदोन पेशींच्या थरांइतकेच असते आणि सांध्याला वंगण पुरवते. या आजारात ते सुजते, जाड होते आणि हळूहळू शेजारच्या कूर्चेवर (हाडांच्या टोकांवरील मऊ आवरणावर) व हाडावर चढत जाते. या अस्तरातील तंतुजनक पेशी, ज्यांनी आपले आयुष्य संपल्यावर निमूटपणे मरायला हवे, त्या मरत नाहीत. अपॉप्टोसिसला दाद न देता त्या वाढत राहतात. त्याच सांध्यातील द्रवात मात्र न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येने येतात आणि तिथेच मरतात. म्हणजे एकाच सांध्यात काही पेशींना मरण येत नाही आणि काहींच्या मरणाने दाह वाढतो. त्यामुळे रक्तातील 'पेशीमृत्यूचा' एखादा आकडा वाढला तर तो नेमका कोणत्या पेशींचा, आणि घटला तर ते चांगले की वाईट, हा प्रश्न दिसतो तितका सोपा राहत नाही.

न्यूट्रोफिलच्या मृत्यूचा एक प्रकार तर या आजाराच्या मुळाशी जाऊन पोहोचतो. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेतील संशोधकांनी २००४ साली असे दाखवले की काही प्रसंगी न्यूट्रोफिल पेशी आपल्या आतील डीएनएचे धागे बाहेर फेकतात आणि त्यांत जिवाणूंना अडकवून मारतात. जंतुसंसर्गात हे उपयोगाचे आहे. पण हे धागे बाहेर पडताना पेशीतील काही प्रथिनांचे रूप एका विकरामुळे बदललेले असते. त्यांतील आर्जिनिन या घटकाचे सिट्रुलिन झालेले असते. ज्या व्यक्तीची रोगप्रतिकार यंत्रणा अशा बदललेल्या प्रथिनांना परके मानू लागते, तिच्या रक्तात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे (अँटीबॉडी) तयार होतात. तुमच्या आईंच्या निदानाच्या वेळी पॉझिटिव्ह आलेली अँटी-सीसीपी तपासणी हीच प्रतिपिंडे शोधते. धूम्रपान करणाऱ्यांत आणि हिरड्यांचा जुना आजार असणाऱ्यांत या आजाराचा धोका अधिक दिसतो, आणि त्याचा संबंधही फुप्फुसांत किंवा हिरड्यांत होणाऱ्या याच बदलाशी असावा, असे अभ्यासक मानतात. दाह, पेशींचा मृत्यू आणि प्रतिपिंडे अशी ही साखळी एकमेकांना बळ देत फिरत राहते. ती नेमकी कुठे तोडता येईल, हे शोधण्यासाठीच असे निर्देशक मोजले जातात.

आता तुमचा खासगी लॅबविषयीचा प्रश्न. माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे, आणि त्याची कारणे समजून घ्यावीत असे मला वाटते, कारण आजकाल वेगवेगळ्या नावांची तपासणी-पॅकेजे घरपोच मिळू लागली आहेत आणि आजारी माणसाच्या घरातील पैसा त्यांत सहज जातो.

पेशीमृत्यूच्या अभ्यासात साधारणपणे रक्तद्रवात मोकळा फिरणारा डीएनए, न्यूक्लिओसोम म्हणजे डीएनए व प्रथिनांचे तुकडे, कॅस्पेज या विकरांची क्रियाशीलता, एचएमजीबी१ हे पेशीकेंद्रातून बाहेर आलेले प्रथिन, किंवा एलडीएच हे विकर मोजले जाते. यांपैकी एलडीएच सोडले तर बाकीच्या तपासण्या बहुतांशी संशोधनापुरत्याच आहेत. त्यांची सर्वमान्य अशी सामान्य मर्यादा ठरलेली नाही, एका किटचा आकडा दुसऱ्या किटच्या आकड्याशी जुळतोच असे नाही, आणि कोणत्या आकड्याला औषध वाढवावे किंवा कमी करावे, असा कोणताही मान्य नियम नाही. एलडीएच सगळीकडे होते, पण ते यकृतात, स्नायूंत, हृदयात, तांबड्या पेशींत, सर्वत्रच असते. कृष्णेच्या पुरात वाहून आलेला पालापाचोळा पाहून तो कोणत्या गावच्या झाडाचा हे जसे सांगता येत नाही, तसे रक्तात सापडलेल्या या अवशेषांवरून ते मनगटातल्या पेशींचे की आणखी कुठले, हे ओळखता येत नाही. जोराचा व्यायाम, साधा ताप, एखादी जखम यांनीही मोकळा डीएनए वाढतो, आणि तो रक्तातून फार लवकर नाहीसाही होतो.

याखेरीज नमुना हाताळण्याची एक अडचण आहे, जी रुग्णांना सहसा कोणी सांगत नाही. रक्त नळीत काढल्यावरही त्यातील पांढऱ्या पेशी काही काळ जिवंत असतात आणि मग नळीतच मरू लागतात. नमुना वेगळा करायला उशीर झाला, किंवा रक्त नळीत गोठू दिले, तर त्या पेशींमधून बाहेर पडलेला डीएनए रुग्णाच्या शरीरातील म्हणून मोजला जातो. रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या तर एलडीएच उगाचच वाढलेले दिसते. संशोधन करणारे लोक यासाठी कोणती नळी वापरायची, किती वेळात ती यंत्रात फिरवून रक्तद्रव वेगळा करायचा आणि किती थंड ठेवायची हे आधीच ठरवून घेतात. घरून नमुना गोळा करून दुसऱ्या शहरात पाठवणाऱ्या व्यवस्थेत ही शिस्त पाळली जाईलच याची शाश्वती नसते. तेव्हा या तपासणीवर पैसे खर्च करू नका. तो आकडा हाती आला तरी तुमच्या आईंच्या उपचारात त्याने काही बदल होणार नाही. झाली तर काळजी मात्र वाढेल.

मग जी तपासणी त्यांच्या उपचारात उपयोगाची नाही, तिच्यासाठी संशोधनाला रक्त का द्यावे? मी तरी द्यावे असेच म्हणेन. आज या आजारावर असलेली काही सर्वांत प्रभावी औषधे अशाच कामातून आली आहेत. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांच्या गटाने रुग्णांच्या सांध्यांतून घेतलेल्या पेशी प्रयोगशाळेत अभ्यासल्या आणि टीएनएफ हे दाह वाढवणारे प्रथिन रोखले की दाहाची इतर प्रथिनेही कमी होतात, असे त्यांच्या लक्षात आले. १९९२ साली चेरिंग क्रॉस रुग्णालयात त्यांनी टीएनएफला रोखणारे औषध प्रथम या रुग्णांना दिले, आणि पुढे त्यातून उपचारांची दिशाच बदलली. २००३ साली या दोघांना लास्कर पुरस्कार हा वैद्यकीय संशोधनातील मानाचा पुरस्कार मिळाला. आपल्याकडचेही उदाहरण आहे. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने सांध्यांच्या व स्नायूंच्या दुखण्यांची घरोघर पाहणी सुरू झाली, आणि ग्रामीण महाराष्ट्रात प्रौढांमध्ये ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे प्रमाण सुमारे ०.५ टक्के, म्हणजे हजारात पाच, असल्याचे त्यातून समोर आले. गावकऱ्यांनी दार उघडून प्रश्नांची उत्तरे दिली आणि तपासून घेतले, म्हणून ही माहिती मिळाली. आपल्या माणसांच्या आजाराविषयी आपल्याच माणसांच्या रक्तातून काही कळावे, असे मला मनापासून वाटते. ५ मिलिलिटर म्हणजे एक चमचाभर रक्त, हिमोग्लोबिन ९.४ असतानाही तेवढे दिल्याने अशक्तपणा वाढणार नाही.

संमती देण्यापूर्वी मात्र काही गोष्टी तुम्ही स्वतः विचारून घ्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार माहितीपत्रक रुग्णाला समजणाऱ्या भाषेत असावे लागते, तेव्हा मराठी प्रत मागण्यात संकोच नको. नकार दिला किंवा मध्येच माघार घेतली तरी नेहमीच्या उपचारात काही फरक पडणार नाही, असे त्यात लिहिलेले असले पाहिजे. संशोधनासाठीच्या तपासणीचे पैसे रुग्णाकडून घेतले जात नाहीत. रक्त नंतरच्या अभ्यासांसाठी साठवून ठेवणार आहेत का, त्यातून जनुकीय तपासणी होणार आहे का, नाव गुप्त कसे ठेवले जाईल आणि वैयक्तिक निकाल कळवणार आहेत की नाही, हे विचारा. असे निकाल बहुधा कळवले जात नाहीत, आणि त्यामागे लपवाछपवी नसून वर सांगितलेले कारणच असते: एकेका रुग्णासाठी त्या आकड्याचा अर्थ अजून लावता येत नाही, तो समूहाच्या तुलनेतच बोलतो. पत्रकावर आचारसमितीचा, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीचा, संपर्क असतो. शंका राहिली तर तिथे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. आणि आईंना त्या आठवड्यात सर्दी, ताप, दाताचे दुखणे, लघवीची जळजळ असे काही झाले असेल, किंवा त्यांनी स्टेरॉइडची गोळी वा इंजेक्शन घेतले असेल, तर ते रक्त घेणाऱ्यांना आवर्जून सांगा, कारण त्या प्रत्येकाने निर्देशक बदलतात. गुडघेदुखीवर म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत कधीकधी स्टेरॉइड मिसळलेले असते, त्यांचाही उल्लेख टाळू नका.

तुमचे पत्र मी पुन्हा वाचले तेव्हा मला खरी काळजी वाटली ती संमतिपत्रकापेक्षा तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्याची. उजव्या मनगटाला सूज आहे आणि सकाळी तासभर हात आखडलेले असतात, असे तुम्ही म्हणता. सीआरपी कितीही सामान्य असला तरी या दोन गोष्टी एकत्र असताना आजार आटोक्यात आहे असे कोणी म्हणू नये.

सीआरपी हे प्रथिन यकृत तयार करते. शरीरात कुठेही दाह सुरू झाला की इंटरल्यूकिन-६ या रसायनाच्या इशाऱ्याने ते काही तासांत वाढते आणि कारण दूर झाले की एकदोन दिवसांत उतरू लागते. १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते प्रथम सापडले, यावरूनच ते सांध्यांचे खास प्रथिन नाही हे ध्यानात येईल. ज्यांना एकदोनच सांधे सुजलेले आहेत अशा कितीतरी रुग्णांत सीआरपी सामान्य राहतो, कारण एका मनगटातील दाह यकृताला जागे करण्याइतका मोठा नसतो. त्या मनगटातील कूर्चा झिजवण्याइतका मात्र तो नक्कीच असू शकतो. दुसऱ्या बाजूने, वाढलेल्या वजनाने, हिरड्यांच्या आजाराने, साध्या संसर्गाने तो वाढतो. याच आजारावरील टोसिलिझुमॅब हे औषध किंवा जॅक गटातील गोळ्या घेणाऱ्या रुग्णांत तर तो औषधानेच दबतो आणि गंभीर संसर्ग असतानाही फसवा दिसू शकतो. तुमच्या आई ती औषधे घेत नाहीत; पण हे वाचणाऱ्यांपैकी जे घेतात त्यांनी ताप आल्यास 'सीआरपी तर सामान्य आहे' या भरवशावर घरी थांबू नये. एककाकडेही लक्ष असू द्या. तुमच्या लॅबने मर्यादा ६ पर्यंत छापली आहे, त्यावरून आकडा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये असावा. काही लॅब तो मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात, आणि तेथील ४ म्हणजे येथील ४० होतात. लॅब बदलल्यावर केवळ या गोंधळामुळे आजार एकदम बरा झाला किंवा बळावला असे वाटून घाबरलेले लोक मी पाहिले आहेत.

ईएसआर त्याहून जुनी आणि त्याहून ढोबळ तपासणी. उभ्या नळीत तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसतात एवढेच ती सांगते. वेस्टरग्रेन यांनी १९२१ मध्ये तिची पद्धत मांडली आणि ती आजही वापरात आहे. वयाबरोबर हा आकडा वाढतो. स्त्रियांसाठी वयात १० मिळवून त्याचे निम्मे केले की ढोबळ वरची मर्यादा मिळते. ५४ वर्षांच्या स्त्रीसाठी ती ३२ येते. म्हणजे ४८ हा वाढलेलाच आहे, पण हिमोग्लोबिन ९.४ असेल तर त्यातील काही वाढ निव्वळ रक्तक्षयामुळेही असू शकते. हा रक्तक्षयही दुर्लक्षित ठेवण्यासारखा नाही. दीर्घ दाहामुळे असा रक्तक्षय होतो, लोहाच्या कमतरतेने होतो, वेदनाशामक गोळ्यांमुळे पोटात सूक्ष्म रक्तस्राव झाल्यानेही होतो, आणि मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यात त्याचाही विचार करावा लागतो. लोहासाठी फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) तपासले तर ते दाहामुळे स्वतःच वाढते, त्यामुळे सामान्य दिसणारे फेरिटिन लोह पुरेसे असल्याची खात्री देत नाही. कारण शोधल्याशिवाय दुकानातून लोहाच्या गोळ्या आणू नका.

आरए फॅक्टर या दुसऱ्या प्रतिपिंडाचा प्रश्न थोडक्यात. निदानाच्या वेळी त्याचा उपयोग असतो. नंतर दर काही महिन्यांनी तो पुन्हा मोजून काही साध्य होत नाही. ८६ चे १२० होणे हे आजार वाढल्याचे प्रमाण नाही. पद्धत बदलली, लॅब बदलली तरी एवढा फरक पडतो. काही निरोगी वयस्कर माणसांतही तो पॉझिटिव्ह असतो, हिपॅटायटिस सी किंवा क्षयासारख्या संसर्गातही असतो. ती तपासणी आता यादीतून काढून टाका.

मग आजार मोजायचा कसा? बोटांनी आणि डोळ्यांनी, हेच आजही खरे उत्तर आहे. डॉक्टर २८ सांधे एकेक करून दाबून पाहतात: दोन्ही खांदे, कोपरे, मनगटे, गुडघे, हातांच्या बोटांची मुळे आणि पेरे. किती दुखतात, किती सुजलेले आहेत, रुग्णाला स्वतःला कसे वाटते आणि ईएसआर किंवा सीआरपी किती आहे, यांवरून डीएएस२८ हा गुणांक काढतात. तो २.६ च्या खाली असेल तर आजार शांत झाला असे मानतात, ३.२ पर्यंत तो सौम्य, आणि ५.१ च्या वर तीव्र. रक्ततपासणीशिवाय काढता येणारा सीडीएआय हा गुणांकही तितकाच विश्वासार्ह आहे, आणि लॅब दूर असलेल्या गावांत तर मला तोच अधिक सोयीचा वाटतो. या २८ सांध्यांत घोटे आणि पावले मोजली जात नाहीत, म्हणून आईंना सकाळी पहिले पाऊल टाकताना तळव्यात दुखत असेल तर ते त्यांनी आपणहून सांगायला हवे. सूज आहे की नाही याविषयी शंका उरली, तर मनगटाची सोनोग्राफी करून अस्तर जाड झाले आहे का आणि त्यातला रक्तप्रवाह वाढला आहे का, हे पाहता येते. पेशीमृत्यूच्या तपासणीसाठी तुम्ही जो खर्च करणार होतात, तो करायचाच असेल तर इथे करावा.

मामांनी काळजीपोटीच सांगितले असेल, तरी त्यांचा सल्ला मानू नका. मेथोट्रेक्सेट कॅन्सरमध्येही वापरतात हे खरे आहे, पण तेथे ते कधीकधी एका वेळी ग्रॅममध्ये दिले जाते. आईंचा आठवड्याचा डोस १५ मिलिग्रॅम, आणि त्या मात्रेत ते रोगप्रतिकार यंत्रणेचा अतिरेक शांत करण्याचे काम करते. अमेरिकेत १९८८ सालीच त्याला या आजारासाठी अधिकृत मान्यता मिळाली, आणि आजही बहुतेक रुग्णांत उपचाराची सुरुवात त्यानेच होते. आकडा सामान्य आला तो बऱ्याच अंशी या गोळ्यांमुळे आला असण्याची शक्यता आहे. गोळी बंद केली तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सूज परत येते, आणि दरम्यान हाडाला पडलेली खाच भरून येत नाही. सुजलेले मनगट पाहता डोस कमी करण्याऐवजी वाढवण्याचा, गोळीऐवजी इंजेक्शन देण्याचा किंवा दुसरे औषध जोडण्याचा विचार होऊ शकतो. तो निर्णय त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांचा. एक गोष्ट मात्र घरात सर्वांना ठाऊक असू द्या: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे, ठरलेल्या वारीच. चुकून रोज घेतले गेले तर ते जीवघेणे ठरू शकते. वार कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि ती पट्टी इतर गोळ्यांपासून वेगळी ठेवा. हिमोग्राम, यकृताची विकरे आणि मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन यांच्या तपासण्या डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने व्हायलाच हव्यात, आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनसाठी डोळ्यांच्या पडद्याची तपासणीही. चार वर्षांत ती एकदाही झाली नसेल तर आता करून घ्या.

पुढची भेट महिन्यांवर असेल तर ती अलीकडे आणा. जाण्याआधी आठवडाभर आईंना रोज सकाळी उठल्याची वेळ आणि हात मोकळे झाल्याची वेळ वहीत लिहायला सांगा, आणि मनगट जास्तीत जास्त सुजलेले दिसेल तेव्हा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा, कारण दुपारच्या ओपीडीत ती सूज बहुधा ओसरलेली असते. फाइलमध्ये आधीचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा आणि हिमोग्लोबिन पूर्वी किती होते ते बघून घ्या. डॉक्टरांना सूज दाखवा, रक्तक्षयाचे कारण विचारा, आणि उपचारात बदल झाला तर तीन महिन्यांनी पुन्हा सांधे मोजण्याची तारीख त्याच भेटीत ठरवून घ्या. नव्या औषधाचा गुण तोवर दिसायला लागायला हवा, आणि सहा महिन्यांत आजार शांत किंवा किमान सौम्य अवस्थेत आलेला असावा. तसे झाले नाही तर उपचार पुन्हा बदलण्याचा आग्रह धरणे हे तुमचे काम आहे.